आजीचं जन्मसाल कसं शोधायचं? (आधार कार्डावर १९३८ आहे पण ते खरं नाही)

खारेपाटची_नात
नमस्कार. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आजी (बाबांची आई) आहे अजून. चालती-फिरती आहे, ऐकायला कमी येतं, डाव्या डोळ्याने दिसत नाही, बाकी तब्येत चांगली. अजून रोज तांदूळ निवडायला मागते, नाही दिले तर रागावते. पण तिचं वय किती हे घरात एकालाही माहीत नाही. आधारवर ०१/०१/१९३८. जुन्या रेशनकार्डावरून हिशेब केला तर १९३५ येतं. मतदार यादीत तिसरंच. आणि माझी मोठी आत्या १९५० ची, तिचा दाखला आहे. म्हणजे १९३८ धरलं तर आजीला बाराव्या वर्षी मूल झालं असं होतं.

माहेर अलिबाग तालुक्यात खारेपाटात, लग्न होऊन लालबागला चाळीत आली. आजोबा कापड गिरणीत साचेवाले (माग चालवणारे). ते १९७१ ला गेले, पदरात चार मुलं, धाकटे बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. आजी खानावळ चालवायची, आजोबा होते तेव्हापासूनच. त्यावर चौघांची शिक्षणं, लग्नं, बाळंतपणं सगळं. आता आम्ही सतरा नातवंडं-पतवंडं आहोत आणि आमच्यापैकी प्रत्येकाच्या वाढदिवसाला सकाळी पहिली हळद-कुंकवाची बोटं तिची लागतात. तिचा वाढदिवस मात्र आजवर एकदाही झालेला नाही. तारीखच नाही तर करणार कधी?

यावर्षी करायचाच असं सगळ्या नातवंडांनी ठरवलंय. पण एक जानेवारीला नको, तिच्या खऱ्या दिवशी. शाळेत ती गेली नाही, पत्रिका नाही, लिहून ठेवलेलं काहीच नाही. कुणी आपल्या घरी असं शोधून काढलंय का? कुठून सुरुवात करू?

चहाबाज
वाचतोय. आजींना नमस्कार सांगा.

पाटीवरचा_खडू
मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत होतो. एक गोष्ट आधीच सांगतो, शाळेच्या दाखल्यावरच्या जुन्या तारखांवर फार विसंबू नका. आई-बाप मुलाला घेऊन यायचे, जन्म कधीचा विचारलं की "आंब्याच्या दिवसात झाला" किंवा "पेरण्या चालल्या होत्या तेव्हा" एवढंच सांगता यायचं. शाळा जूनमध्ये सुरू, वय बसायला हवं, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे. महाराष्ट्रात साठीच्या पुढच्या माणसांत एक जूनवाले किती आहेत ते मोजून बघा. आधारचंही तसंच, नुसतं साल सांगितलं की १ जानेवारी पडते.

दोन_वाट्या_आमटी
गुरुजी अगदी खरं. माझे वडील, दोन्ही काका आणि सासरे, चौघेही १ जून. केक एकच आणतो, चारी नावं घालून.

जर्सीतली_मावशी
आमच्या सासूबाईंना इकडे आणताना हाच घोळ झाला होता. पासपोर्टवर एक तारीख, लग्नाच्या दाखल्यावरच्या वयावरून दुसरं साल, प्रतिज्ञापत्रं करता करता माझ्या नवऱ्याच्या दोन सुट्ट्या संपल्या. विमानात शेजारच्या बाईने वय विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "कागदावरचं सांगू की माझं सांगू?"

बालाघाट
ताई, तुम्ही कागद नंतर शोधा, आधी आजीला घटना विचारा. आमच्याकडे असंच काढलं. साल विचारलं की म्हाताऱ्या माणसाला सांगता येत नाही, पण "तेव्हा तू केवढी होतीस, काय करत होतीस" असं विचारलं की सगळं येतं.

आम्ही धाराशिव जिल्ह्यातले. माझी आजी, तिला आम्ही जिजी म्हणायचो, सांगायची की रझाकाराच्या पळापळीत ती सासरची नवी सून होती, अंगावरची हळद उतरली नव्हती, रात्रीतून बैलगाडीने हद्द ओलांडून बार्शीकडे गेले. तेव्हा इकडं निजामाचं राज्य आणि बार्शी पलीकडच्या हद्दीत. पोलीस ॲक्शन झाली सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ ला सुरू आणि १७ ला निजाम शरण. म्हणजे तिचं लग्न त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातलं हे पक्कं झालं. तिथून मागं मोजत गेलो.

दुसरी खूण ७२ चा दुष्काळ. जिजी तेव्हा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, आजोबांना दम्यामुळं होत नव्हतं. तिच्यासोबत माझे वडील, चौदा वर्षांचे, आणि दोन आत्या. कामावर सुकडी (कोरडं पौष्टिक खाणं) मिळायची, ती जिजी स्वतः खायची नाही, पदरात बांधून घरी आणायची, घरी लहान दोघं होते. मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीची तिला इतकी शिसारी होती की पुढं पन्नास वर्षं घरात जरा तांबूस ज्वारी आली तरी परत पाठवायची. हातोड्यानं उजव्या अंगठ्याचं नख गेलं होतं ते परत सरळ आलंच नाही. मी लहानपणी त्या नखावरून बोट फिरवत झोपायचो.

जिजी २०१९ ला गेली. आमच्या हिशेबानं अठ्ठ्याऐंशी.

कोयनाकाठ
आमच्याकडे सगळं भूकंपावर मोजतात. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढे. पाटण भागात कुणालाही विचारा, "भूकंपाच्या आधी का नंतर" असाच प्रश्न. माझा मामा त्या वेळी आजीच्या पोटात सात महिन्यांचा. आजीने आधी गोठ्यातल्या म्हशीचं दावं सोडलं आणि मग पोरांना हाक मारली, यावरून आजोबा तिला आयुष्यभर चिडवत राहिले. ती म्हणायची, पोरं स्वतःच्या पायाने पळणार होती, म्हैस बांधलेली होती.

पेठेतली_सून
पुण्यात तीच गत पानशेतची. १२ जुलै १९६१. सासूबाईंचं लग्न पुराच्या आदल्या वर्षीचं, रुखवतातली सगळी भांडी गेली. नदीकाठचा वाडा पडला, मग गोखलेनगरला गेले. एक पितळी डबा गाळात सापडला, तो अजून आमच्याकडे आहे, त्यात त्या मेतकूट ठेवायच्या.

स्पष्टच_बोलते
धागा वाचून डोळे भरले आणि रागही आला, दोन्ही लिहिते.

आपण सगळे इथे कष्टाचं कौतुक करतोय. माझ्या आजीचंही असंच व्हायचं. दहाव्याला जो येईल तो "फार कष्टाळू बाई" म्हणून गेला. पण मी तिला दुपारी पाठ टेकलेली कधी बघितली नाही आणि "जरा पड ग" असं तिला कुणी म्हणालेलंही ऐकलं नाही. खोली आजोबांच्या नावावर, ते गेल्यावर थोरल्या काकांच्या. शिवणकामाचे पैसे ती आजोबांच्या हातात द्यायची आणि मग भाजीला मागून घ्यायची. सुकडी पदरात बांधून आणली हे वाचून मला हाच प्रश्न पडला की तिने काय खाल्लं, हे त्या घरात कुणी विचारलं का?

खारेपाटची_नात, तुमच्या आजींच्या खानावळीचे पैसे कुणाच्या हातात असायचे? हे पण शोधा. जन्मतारखेइतकंच महत्त्वाचं आहे.

बालाघाट
ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. वडिलांना आत्ता फोन करून विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आम्ही झोपल्यावर खात असेल असं वाटायचं."

चहाबाज
...

खारेपाटची_नात
सगळ्यांचे आभार. बालाघाट दादांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस आजीजवळ बसले, मोठ्याने ओरडून ओरडून घसा बसलाय पण जे मिळालं ते मिळालं.

आधी स्पष्टच_बोलते यांना. पैसे आजीच्याच हातात असायचे. पोळपाटाखाली एक पत्र्याचा डबा, चावी कमरेला. आजोबा गेल्यावर एक चुलत दीर आला होता की खोलीची भाडेपावती माझ्या नावावर करा, मी सगळ्यांना सांभाळतो. आजीने त्याला जेवू घातलं आणि म्हणाली, भावोजी, सांभाळायला मी आहे, पावती माझ्या नावावर होईल. आणि करून घेतली. अंगठा देऊन. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही, कारण तू थकायचीस का असं मी तिला कधीही विचारलेलं नव्हतं. काल विचारलं. म्हणाली, "थकायची तर होतेच की. पण सांगायचं कुणाला? चारला नळ यायचा, तो काय माझ्यासाठी थांबणार होता?"

आता घटना.

एक, चरीचा संप. तिचं गाव त्या संपात होतं. तिला आठवतं की वडील शेतावर जात नव्हते, घरात भात नव्हता, आई डोंगरातून मोळी आणून अलिबागला विकायची आणि रात्री कण्यांची पेज आणि चिंबोऱ्या. "मी तेव्हा पाठच्या भावंडाला कडेवर घेऊन बांधावर बसायची."

दोन, गोदीचा स्फोट. धाकटा भाऊ पाळण्यात होता, दुपार उतरताना मोठा आवाज झाला, खाडीपलीकडे मुंबईच्या बाजूला धूर, रात्री आभाळ लाल. आईने पाळण्याला कोयता टेकवून ठेवला.

तीन, रामदास बोट. तिचं लग्न ठरलं होतं. सख्खा चुलता मुंबईहून गटारीला गावी यायला निघाला तो त्याच बोटीवर. आला नाही. सुतक आणि सगळंच, म्हणून लग्न पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. "गांधीबाबाला मारलं त्यानंतरच्या उन्हाळ्यात."

आणि एक, तिची आई तिला सांगायची की तू देवदिवाळीच्या तोंडावर झालीस, गुरुवारी, खळ्यावर भात झोडत होते.

गिरणगावकर_जुना
अहो मग १९३८ गेलंच की! चरीचा संप १९३३ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची शेती कसायची नाही असं ठरवलं ते १९३९ पर्यंत. १९३८ चा जन्म असता तर संप मिटताना आजी एक वर्षाची, भावंड कडेवर कुठून घेणार. स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाचा, चार वाजून गेल्यावर, दोन मोठे धमाके. रामदास १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या. सहाशेच्या वर माणसं गेली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली, रेवस गाठायच्या आधीच काशाच्या खडकाजवळ कलंडली. आमच्या चाळीतले दोघे त्यात होते असं माझी आई सांगायची.

म्हणजे लग्न १९४८ चा उन्हाळा. शारदा कायद्याने मुलीचं वय तेव्हा चौदा लागायचं, अर्थात पाळायचे किती तो भाग वेगळा. माझा अंदाज १९३१ ते ३३.

संपाच्या घरात वाढल्या आणि पुढे ब्याऐंशीचा गिरणी संपही बघितला. विचारा त्यांना त्याबद्दल.

पाटीवरचा_खडू
धाकट्या भावाचा शाळेचा दाखला मिळतो का बघा.

खारेपाटची_नात
गुरुजी, मिळाला. मामाआजोबांच्या दाखल्यावर तारीख आहे १ जून १९४३ 😊

दोन_वाट्या_आमटी
केकवर अजून एक नाव!

पाटीवरचा_खडू
तारीख सोडा, साल जुळतंय. ४४ च्या एप्रिलात पाळण्यात म्हणजे ४३ चाच.

मोडी_लिपी
ताई, मी मोडी वाचतो, कामाचं सांगतो. तुमच्या आजीचं नाव कुठे नसलं तरी जन्म लिहिलेला असू शकतो. पूर्वी गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद गावपातळीवर व्हायची, गाव नमुना १४, बोलीभाषेत "कोतवाल बुक". आता कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे नाव सगळ्यांना माहीत झालंय. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, गावाचं नाव आणि साधारण सालं द्या, नक्कल मिळते. अमुकच एक साल मागू नका, १९२९ ते १९३५ असं मागा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. नोंद बापाच्या नावाने असते. आणि जन्म दोन-चार दिवसांत नोंदवायचे, बारसं व्हायच्या आधी, म्हणून बहुतेक वेळा बाळाचं नाव नसतंच, नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". तर पणजोबांचं संपूर्ण नाव, भावंडांचा क्रम आणि मध्ये गेलेली मुलं, हे आधी आजीकडून लिहून घ्या. मोडीत निघालं तर फोटो इथे नको, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाचून देतो. पैसे वगैरे काही नाही.

खारेपाटची_नात
मोडी_लिपी दादा, फार फार आभार. क्रम विचारला. आजी थोरली. तिच्या पाठीवर एक भाऊ होऊन गेला (चालायला लागल्यावर गेला, संपाच्या सुरुवातीला), मग एक बहीण, मग आणखी एक बहीण, मग मामाआजोबा. अर्ज उद्याच करते.

सांजवात
तोपर्यंत खानावळीबद्दल लिहा ना. किती जण जेवायचे? माझी मावशी परळला होती, ती पण डबे द्यायची, पण तिने कधी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

खारेपाटची_नात
चोवीस मेंबर होते सगळ्यात जास्त असताना. दहा बाय बाराची खोली, त्यात घरचे सहा आणि तीन पाळ्यांचे मेंबर येऊन जेवून जायचे, भोंग्यावर ताटं. पहिली पाळी सुटली की एक पंगत, दुसऱ्या पाळीवाल्यांचे डबे, रात्रपाळीवाले जायच्या आधी.

आजी सांगते तो सगळ्यात मोठा ताप भाकरीचा. कोकणातल्यांना तांदळाची लागायची आणि घाटावरच्यांना ज्वारी-बाजरीची, आणि कुणी दुसऱ्याची खायचा नाही. तांदळाला उकड काढायची, ज्वारी थापायची, दोन परातींत दोन पिठं. दिवसाला शंभराच्या वर भाकऱ्या. तिच्या उजव्या हाताचा तळवा अजून मऊ नाही, दाबला तर पायाच्या टाचेसारखा लागतो. ती आमच्या बाळांना तेल लावते ना, ते डाव्या हाताने लावते.

हिशेब कसा ठेवायची ते सांगते, हे मलाही या आठवड्यातच कळलं. भिंतीला खुंट्यांची ओळ, प्रत्येक मेंबरची एक छोटी कापडी पिशवी, गिरणीतल्या चिंध्यांची, प्रत्येकाचं कापड वेगळं. वाचता येत नव्हतं ना, पिशवीच्या कापडावरून माणूस ओळखायचा. कुणी जेवायला आला नाही की खाडा, खाड्याचा एक चिंचोका पिशवीत. पगार झाला की पिशवी परातीत उलटी करायची, मेंबरसमोर मोजायची, तेवढे खाडे वजा. बाबा म्हणतात एका पैशावरून कधी तंटा झाला नाही.

गिरणगावकर_जुना
मावशींच्या असल्या खानावळी होत्या म्हणून गिरणगाव उभं होतं. बायका-पोरं गावाला, इथे एका खोलीत पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपणार, त्यांना घरचं अन्न कोण देणार? आणि या बायकांना भांडवल म्हणजे वाण्याची उधारी नाहीतर सावकार. मंगळसूत्र गहाण टाकून धान्य भरायचं, पगाराला सोडवायचं, परत टाकायचं. ६९ ला बँका सरकारी झाल्या तरी अंगठेबहाद्दर बाईला कर्ज कोण देतो. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकांच्या दारात नेऊन उभं केलं, तेव्हा कुठे वाट झाली. पुढे सरकारने प्रेमाताईंना पद्मश्री दिली. माझी काकी त्यांच्याकडून कर्ज घेतलेल्यांतली. हप्ता चुकवायचा नाही म्हणून पावसातून गुडघाभर पाण्यात चालत गेलेली मला आठवते.

स्पष्टच_बोलते
चिंचोक्यांचं वाचून मी थांबले. हे कुठेतरी नीट लिहून ठेवा हो.

सांजवात
आणि संपात काय झालं? चोवीस मेंबरांना पगारच नाही म्हटल्यावर?

खारेपाटची_नात
बाबांनी सांगितलं ते लिहिते, ते तेव्हा वीस वर्षांचे होते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आधी सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिने. आजीने पहिले तीन महिने सगळ्यांना जेवू घातलं, उधारीवर. भाकरी दोनावरून दीडवर आली, मग एकावर, पण पंगत बंद केली नाही. बाबा म्हणाले आई आता पुरे. तर ती म्हणाली, माझ्या बापाने सहा वर्षं संप केला, तेव्हा कुणीतरी पेज दिली म्हणून मी आहे. मग वाण्याने हात आखडला. आजीने पाटल्या मोडल्या. मेमध्ये मेंबर एकेक करून गावाला गेले, परत येतो म्हणून. अडीच लाख माणसांचा संप, तो मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. ते परत आलेच नाहीत. आजी त्यानंतर मसाले कुटून द्यायची, लग्नांत भाकऱ्या भाजायला जायची.

तिने पिशव्या मात्र टाकल्या नाहीत. १९९६ च्या सुमारास एक दिवस दारात एक म्हातारा माणूस, डोक्यावर पोतं. साताऱ्याकडचा, निळ्या चौकड्याच्या पिशवीवाला. पोत्यात भुईमुगाच्या शेंगा. म्हणाला, मावशी, माझे किती राहिले? आजीने मोरीवरच्या फळीवरून डबा काढला, त्याची पिशवी काढली, परातीत उलटी केली आणि दोघं जण समोरासमोर बसून चिंचोके मोजत होते. बाबा ऑफिसातून आले तेव्हा दोघंही रडत होते आणि मोजतही होते. त्याने सगळे दिले. आजीने खाडे वजा करून घेतले, एक रुपया जास्त घेतला नाही.

त्या डब्यात अजून नऊ पिशव्या आहेत. काल बघितल्या. आजी म्हणाली, आता कोण येणार, पण असू दे.

चहाबाज
मी इथे दहा वर्षं आहे. एवढं वाचून काही टंकता येत नाही असं पहिल्यांदा झालं.

जर्सीतली_मावशी
मी आत्ता सासूबाईंना फोन लावतेय. तिकडे पहाटेचे पाच वाजलेत पण त्या उठलेल्या असतात.

बालाघाट
नातताई, कोतवाल बुकाचं काय झालं?

खारेपाटची_नात
मिळालं!!!

उशीर झाला त्याबद्दल माफ करा, दोन चकरा झाल्या, पण अभिलेख कक्षातल्या बाईंनी फार मदत केली, स्वतः शिडीवर चढून गठ्ठे काढले. पानं कडेने झडतायत. मोडीतच आहे, मोडी_लिपी दादांनी रात्री अकराला वाचून दिलं. पणजोबांच्या नावापुढे १९३१ ते ३५ मध्ये तीन नोंदी. डिसेंबर १९३१ मुलगी, १९३२ अखेर मुलगा, १९३५ मुलगी. मुलाची मृत्यूची नोंदही सापडली, जानेवारी १९३४. आजीने सांगितलेला क्रम जसाच्या तसा.

पहिली नोंद ३ डिसेंबर १९३१. पुढे लिहिलंय नुसतं "मुलगी".

मोडी_लिपी
दुजोरा देतो. अक्षर स्वच्छ आहे, आकड्यात शंका नाही. आणि ३ डिसेंबर १९३१ ला गुरुवार होता, मी तपासलं.

पाटीवरचा_खडू
त्या वर्षी देवदिवाळी, म्हणजे मार्गशीर्ष प्रतिपदा, १० डिसेंबरला येते. बरोबर आठवडाभर आधी. पणजीबाईंनी सांगितलेलं तंतोतंत खरं निघालं. येत्या ३ डिसेंबरला ९४ पूर्ण! आजीबाईंना माझा साष्टांग नमस्कार.

पेठेतली_सून
अभिनंदन! अहो मग सहस्रचंद्रदर्शन राहूनच गेलं की त्यांचं. ते ऐंशी-एक्याऐंशीला करतात. आता केलं तरी चालतं म्हणे, गुरुजींना विचारा.

आकडेमोड
धागा पहिल्यापासून वाचतोय, आता माझं काम आलं म्हणून लिहितो. एका पौर्णिमेपासून दुसरी सरासरी २९.५३ दिवसांनी. आजींच्या जन्मानंतरची पहिली पौर्णिमा म्हणजे त्याच डिसेंबरमधली दत्तजयंतीची. तिच्यापासून मोजलं तर हजारावी येते ३० सप्टेंबर २०१२ ला. पंचांगाशी ताडून बघितलं, बरोबर आहे. भाद्रपद पौर्णिमा. पूर्णत्व सकाळी नऊच्या आसपास, म्हणजे पूर्ण चंद्राची रात्र २९ ची.

गिरणगावकर_जुना
२९ सप्टेंबर २०१२? त्या वर्षी गणपती १९ ला होते. २९ ला अनंत चतुर्दशी! विसर्जनाची रात्र!

खारेपाटची_नात
हात थरथरतायत टाइप करताना.

२०१२ मला नीट आठवतं, त्या वर्षी जूनमध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली होती, घरात तोच विषय, चंद्र मोजायचं कुणाच्या ध्यानात असणार. पण विसर्जनाच्या रात्री आजी काय करते ते मला माहीत आहे कारण ती दरवर्षी तेच करते. मिरवणुकीबरोबर चाळीतली पोरं गिरगावला जातात, ती दुसऱ्या दिवशी सकाळी येतात, गुलालाने माखलेली, पायाला फोड आलेले. आजी झोपत नाही. रात्रभर गॅलरीत पाट टाकून बसते आणि पहाटे मोठ्या टोपात आलं-सुंठ घालून चहा आणि कांदेपोहे, घरचं पोर असो नाहीतर शेजारचं. २०१२ ला माझा भाऊ पहिल्यांदा गिरगावपर्यंत गेला होता म्हणून मी तिच्यासोबत जागी होते. पाऊस उघडला होता. गिरणीच्या चिमणीच्या बाजूला चंद्र होता, एवढा मोठा, मीच तिला दाखवला आणि ती म्हणाली, "बरं झालं, पोरांना वाट दिसेल."

आत्ता तिला जाऊन सांगितलं की आजी तुझी तारीख सापडली, तीन डिसेंबर. तीन वेळा सांगावं लागलं. मग विचारलं, काय करू त्या दिवशी तुझ्यासाठी? बराच वेळ विचार करून म्हणाली, तांदळाची भाकरी कर, पण तू थाप, मी बसून खाते.

मला उकड जमत नाही. कुणी नीट प्रमाण सांगेल का?

सांजवात
एक वाटी पिठाला एक वाटी पाणी, मीठ, अर्धा चमचा तेल. पाण्याला खळखळून उकळी आली की पीठ टाक, उलथन्याच्या टोकाने ढवळ, झाकून गॅस बंद, दहा मिनिटं. गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळ, गार झालं की भाकरी कडेला चिरते. आजपासून रोज एक करून बघ, डिसेंबरपर्यंत येईल.